विसरलं तरी जगेल अशी भिंत

सोसायटीच्या सेक्रेटरीने आठ दिवसांची मुदत दिली होती. लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लावली. नाव कुणाचंच घातलं नव्हतं, पण अकराव्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये कुंड्या फक्त माझ्या आईच्या होत्या, तेव्हा नाव घालायची गरजही नव्हती. आठ दिवसांत पॅसेज आणि खिडक्यांच्या ग्रिल मोकळ्या करा, नाहीतर सामान उचलून टाकण्यात येईल. सामान म्हणे! तेवीस झाडं होती ती. काही तर या टॉवरपेक्षा वयाने मोठी.

याच जागेवर घाटकोपरची आमची चाळ होती. खोली एवढीशी, पण बाहेर लांब गॅलरी, आणि आमच्या वाटणीची गॅलरी म्हणजे आईचं राज्य. रंगाचे डबे, तेलाचे डबे, कान तुटलेली बादली, आणि त्यांत तुळस, ओवा, गवती चहा, अबोली, मायाळू, कढीपत्ता. बाबा गिरणीतून सुटले, पुढे गेलेही, आम्ही मुलं मोठी झालो, पण आईची सकाळ बदलली नाही. आंघोळ करायची, तांब्या भरायचा आणि एकेका डब्यापाशी वाकायचं. मग चाळ पडली, टॉवर आला. बिल्डरने चकचकीत लाद्या दिल्या, दोन लिफ्ट दिल्या, गेटवर शोभेचे माड लावले. माहितीपत्रकाच्या पानापानावर हिरवळ. गॅलरी मात्र दिली नाही. माणसाला हातभर उघडी जागा द्यायची नाही आणि वर त्याला हिरवं जीवन म्हणायचं, लाज कशी वाटत नाही यांना!

नोटीस वाचून आई भांडायला गेली नाही, याचाच मला जास्त संताप आला. ती पिशव्या काढून बसली. अबोली खालच्या मजल्यावरच्या वहिनींना, कढीपत्ता भाजीवाल्याला, अशी वाटणी चालली होती.

"एक पान द्यायचं नाही कुणाला," मी ओरडले. "हॉलची भिंत आहे ना? भिंतीवर लावू."

मी अंधेरीच्या एका ऑफिसात घरातल्या वस्तू डिझाइन करते. स्टूल, शेल्फ, दिवे. लहान घरांसाठीच करते, कारण मुंबईत मोठी घरं आहेत कुणाकडे? पण आईसाठी म्हणून कधी काही केलं नव्हतं. त्या रविवारी कागद घेऊन बसले आणि हाताखाली आपोआप आकार आला तो पोफळीच्या विरीचा. आमच्या गावी, सिंधुदुर्गात, सुपारीच्या झाडाचं झावळ गळून पडतं तेव्हा त्याच्या बुडाशी होडीसारखा खोलगट, चामड्यासारखा चिवट भाग असतो. ती विरी. लहानपणी मी त्यात बसायचे आणि आई मला अंगणभर ओढायची. तसाच खोलगट प्लास्टिकचा कप्पा, एकाच्या ओठात दुसऱ्याची मान अडकणारा. हवे तेवढे कप्पे जोडा, हवे तेव्हा काढा. नव्या भिंती असल्या पोकळ विटांच्या की खिळा धरत नाही, म्हणून कॉलमला लोखंडी पट्टी ठोकली आणि सगळा भार तिच्यावर घेतला. आठव्या दिवशी संध्याकाळी पूर्वेच्या खिडकीशेजारी तेवीसच्या तेवीस झाडं भिंतीवर होती. झकास दिसत होतं, उगाच विनय कशाला करू?

आणि माझी हुशारी सांगायची राहिलीच. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी मी पाण्याची टाकी केली होती, भरायला कडेला उघडं तोंड ठेवून. टाकीतून मातीत एक दोरी. समईत वात तेल ओढते तशी ती दोरी पाणी ओढणार. आठवड्यातून एकदा टाकी भरली की काम झालं. ऑफिसात फोटो दाखवले तर साहेब खुर्चीतून उठलाच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, पण साहेब. "हे आपण बाजारात आणतोय! लोकांना झाडं हवीत, झाडांची कटकट नकोय." जाहिरातीची ओळ मीच दिली. विसरलात तरी जगेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी फुगले, घरी येऊन आईलाही ती ओळ ऐकवली.

आईला मी तीनदा बजावलं होतं. आठवड्यातून एकदाच हं, रविवारी. तिने तीनदा मान हलवली होती.

तीन आठवड्यांनी घरात आंबूस वास सुटला. मी आधी फ्रिज शोधला, मग मोरी. मायाळूची पानं पिवळी पडून खाली आली, ओव्याचे देठ मऊ झाले. त्यातच डासांची तपासणी करणारा माणूस बॅटरी घेऊन घरोघर फिरत आला, त्याने एका कप्प्यात उजेड मारला आणि मला बोलावून दाखवलं. टाकीत अळ्या वळवळत होत्या. तासाभरात सेक्रेटरी दारात हजर. चेहऱ्यावर काळजी, पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, दिसत होत्या मला. आईकडे वळून म्हणाला,

"काकी, आता हे काढायलाच लागेल हां. रविवारपर्यंत. डेंग्यू झाला कुणाला तर?"

तो गेल्यावर मी तुळशीचा कप्पा उतरवला. खोड काळं पडलं होतं. धरून हलवलं तर मुळासकट हातात आलं, आणि मुळं म्हणजे नुसता चिखल. चाळीतली तुळस ती. दर वर्षी तिच्याच मंजिऱ्यांतून नवं रोप धरायची आई. टाकीत बघितलं तर पाण्यावर पांढरट साय. तांदळाचं धुवण! रोज सकाळी तांब्याने पाणी आणि दुपारी वर धुवण, सगळं चालूच होतं.

माझी सटकलीच. काय वाट्टेल ते बोलले मी. रात्रंदिवस राबून तुझ्यासाठी केलं, तुला एक साधी गोष्ट पाळता येत नाही का, तुझ्याच हाताने मारलीस ना तुळस, आता तो सेक्रेटरी सगळी फेकायला लावणार. माझ्या सत्तरीच्या आईला मी हे बोलले, मेलेलं रोप तिच्या तोंडासमोर नाचवत. ते रोप अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आई एरवी आमच्यासारखं बोलते. रागावली की मालवणीवर येते.

"माका सांग," ती म्हणाली, "आठवड्यातून एकदाच पाणी घालूचा, तर रोज सकाळी उठान मी करू काय?"

मी रोप खाली ठेवलं.

"विसरलात तरी जगेल म्हणतस. मी कित्याक विसरू?"

आणि ती उठून आत गेली, भांडी घासायला. भांडी घासलेलीच होती.

मला इतका राग कधीच आला नसेल. बिल्डरने गॅलरी काढून घेतली, सेक्रेटरी झाडं काढायला निघाला होता, आणि मी, तिची पोटची मुलगी, शिकलेली, मी तर तिचं कामच काढून घेतलं होतं. वर त्याला टाळ्या घेतल्या होत्या. उरलेल्या झाडांकडे बघत बसले आणि मग कपाटातलं ड्रिल मशीन काढलं. एकेक कप्पा उतरवला. टाक्या फोडल्या, दोऱ्या उपटून फेकल्या, प्रत्येकाच्या तळाला भोक पाडलं. आता वर ओतलेलं पाणी एका विरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं झिरपत खाली यायला हवं. सगळ्यात खाली चाळीतलीच कान तुटलेली बादली ठेवली. साचायचं काही शिल्लकच ठेवलं नाही. हॉलभर प्लास्टिकचा भुसा पडला होता, आईने बाहेर येऊन केरसुणी घेतली.

सोमवारी साहेबाला सांगितलं, डिझाइन बदललंय, रोज पाणी घालावं लागेल. तो हसला. "रोज? यार, असं कोण घेणार?"

"नका घेऊ," मी म्हटलं. "माझी ओळ पण काढून टाका." ओळ त्याने ठेवली. टाक्यांची भिंत आज विकली जाते, आणि तिची जाहिरात कुठेही दिसली की माझं टाळकं फिरतं.

तपासणीवाला पुन्हा आला, प्रत्येक कप्प्यात बॅटरी मारून गेला. त्याला काही सापडलं नाही. सेक्रेटरी मागे उभा होता, तोंड एवढंसं करून परत गेला. तेविसांतली चौदा वाचली. चाळीच्या तुळशीच्या मंजिऱ्या आईने कधीतरी कागदात बांधून कपाटात ठेवल्या होत्या, त्या तिने वरच्या विरीत पेरल्या.

आता आई आंघोळ करून तांब्या घेऊन येते. वर पाणी घालते, स्टूल ओढून समोर बसते आणि पाणी खाली येताना बघते. बादलीत जमलं की तेच उचलून पुन्हा वर. परवा मी ऑफिसला निघताना तिने हाक मारली.

"अगो, पाणी फार लवकर खाली येतं. जरा हळू येईल असं कर ना."

मी चपला काढल्या. ऑफिसला उशीर झाला तर झाला. मेण तापवलं आणि एकेक भोक लहान करायला बसले.