दादा-वहिनीच्या महाबळेश्वरला मी

दादा-वहिनीच्या हनिमूनला मीपण गेले होते.

हसू नका. खरं आहे.

काल दुपारी धाराशिवला माझी वहिनी गेली.
पोरं म्हणतायत, आत्या, रड जरा, मोकळी हो.
रडणारच आहे. आधी हे लिहून घेते.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमचं घर मराठवाड्यातल्या वाशीजवळच्या एका खेड्यात, शेतीवाडीचं. थोरला दादा उस्मानाबादला कचेरीत कारकून. वहिनी तुळजापूरची, मास्तरांची मुलगी, मॅट्रिक पास.

दादाचे साहेब दर उन्हाळ्यात महाबळेश्वरला जायचे. इंग्रजांनी थंड हवेसाठी वसवलेलं गाव, मे महिन्यातसुद्धा अंगावर शाल लागते, हे ऐकून ऐकून दादाच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.
लग्न झाल्यावर त्यानं आईपुढं विषय काढला.

आई म्हणाली, "नवरानवरी एकटीच? लोक तोंडात शेण घालतील. तुझ्या मावशीला न्या संगं."

दादाचा चेहरा पडला.
तेवढ्यात दाराआडून वहिनीचा आवाज आला, "आत्याबाई, मावशींपेक्षा शकूवन्संला नेलं तर?"

शकू म्हणजे मी. अकरा वर्षांची.
लहानपणी ताप आला आणि त्यात माझा डावा पाय वाळला. काठी घेऊन चालायची. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढच्या शाळेला पोरं वाशीला चालत जायची. माझं शिक्षण तिथंच थांबलं होतं.

"लंगडीला?" आई म्हणाली. "अगं, तिचंच तुला करावं लागंल."
"करीन की."

बार्शीहून छोटी रेल्वे, कुर्डुवाडीला मोठी गाडी, पुण्याहून यष्टी.
घाटात मला उलटी झाली. वहिनीच्या कोऱ्या पातळावर.
मी घाबरून रडायला लागले, तर ती म्हणाली, "धुतलं की जातं. तू पाणी पी."

बाजाराच्या मागं एका लॉजमध्ये खोली मिळाली. खाटेवर मी आणि वहिनी. खाली सतरंजीवर दादा.
असा हा हनिमून!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "पॉइंट लांब आहे. शकूला खोलीवर ठेवू, आपण दोघं जाऊन येऊ."

वहिनी आरशापुढं कुंकू लावत होती. थांबली.
"मग तुम्हीच जाऊन या. आम्ही दोघी बसतो इथं."

"अगं, एवढ्या लांब काय खोलीत बसायला आलोय?"
"तेच म्हणते मी. तीपण तेवढ्याच लांबून आलीय."

दादा तणतणत बाहेर पडला.
मला वाटलं, माझ्यामुळं ह्यांचं फिसकटलं. मी म्हणाले, "वहिनी, जावा तुम्ही. मला भ्या वाटत न्हाय."
ती माझी वेणी घालायला बसली.

थोड्या वेळानं खाली टापा वाजल्या.
खिडकीतून बघितलं, तर दादा एका घोडेवाल्याला घेऊन उभा!
"शके, ये खाली. बस ह्याच्यावर. आई ओरडली तर मी बघतो."

दोघांनी मिळून मला वर चढवलं.
आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांपेक्षा उंच होते. रस्त्यावरची माणसं माझ्याकडं मान वर करून बघत होती.

पॉइंटला कुठल्याशा इंग्रज साहेबाचं नाव होतं. समोर नुसती दरी. आमच्या बालाघाटाच्या माळावर वाढलेल्या डोळ्यांना एवढं हिरवं झेपेना.

तिथं एक पुण्याच्या बाई आल्या होत्या. त्यांनी वहिनीला विचारलं, "काय झालंय हो हिच्या पायाला?"

वहिनी म्हणाली, "तिलाच विचारा की. चांगली बोलते ती."

मला तोवर कुणी काही विचारतच नव्हतं. जे विचारायचं ते आईला, दादाला.
मी अडखळत सांगितलं, ताप आला होता म्हणून.
"आणि शाळेत कितवीत आहेस?"
मी म्हणाले, "न्हाय जात."

परतताना वहिनी एकदम म्हणाली,
"अहो, उस्मानाबादेत आपल्या खोलीपासून मुलींची शाळा किती लांब?"
"ही काय, गल्लीच्या तोंडाला."
"मग?"

दादाला कळायला वेळ लागला. कळल्यावर म्हणाला, "अगं, एकच खोली आहे आपली."
"इथंपण एकच आहे की."

दादा हसला. घोडेवालापण हसला.
मी घोड्यावर काठी घट्ट धरून बसले होते.

घरी आल्यावर आईचा पारा चढला. "सुनेच्या गळ्यात लेक बांधली म्हणतील लोक!"

वहिनी पदर सावरून समोर उभी राहिली. एरवी ती शुद्ध बोलायची, त्या दिवशी मुद्दाम आईच्या बोलीत बोलली.
"म्हणू द्या आत्याबाई. त्यास्नी सांगा, म्या मागून घेतली."

आई पदर डोळ्याला लावून आत गेली आणि माझे दोन परकर बांधून बाहेर आली.

जूनमध्ये मी पाचवीत बसले. वर्गात सगळ्यात थोराड. पहिला आठवडाभर वहिनी शाळेच्या फाटकापर्यंत सोबत आली. नंतर म्हणाली, "आता जा तुझी तू."

मॅट्रिक झाले. मास्तरीण झाले. ढोकीला शाळेत लागले, तिथूनच रिटायर झाले. तिथल्या साखर कारखान्यावरच्या ऊसतोडीच्या पोरी वर्गात आल्या की तासाचं पहिलं वाक्य त्यांनाच बोलायला लावायची.

पुढं कधीतरी मी विचारलं, "वहिनी, तुम्ही मला का नेलंत हो महाबळेश्वरला?"
"मावशीला टाळायचं होतं. दुसरं काय!" म्हणाली, आणि डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली.

उपकार म्हणून तिनं एकदाही बोलून दाखवलं नाही.

वहिनी, नीट जा.
दादा पुढं गेलाय, भेटंलच.
त्याला सांगा, शकू बरी आहे.