माझ्या सूचना, प्राजक्ताची सफाई

जळणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप जमतात. माझ्याकडचे सगळे एकाच पोट्टीचे आहेत. शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात मी अकरा वर्षांपासून, प्राजक्ता दोन वर्षांपासून. आणि टीम लीडची जागा एकच!

*

भनपुरीच्या ट्रकवाल्यांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्यात कोडच्या तुकड्यावर आधीच लिहून ठेवता येतं, की इथे अमुक एक्सेप्शन, म्हणजे गडबड, होऊ शकते. प्राजक्ताला दिसलं की जागोजागी अशी सूचना आहे, पण आत गडबड होण्यासारखं काहीच नाही.

"भैया, हे काहून लिहिलं असंल?" तिने मलाच विचारलं.

"सेफ्टीसाठी," मी म्हणालो. लिहिणारा मीच होतो.

*

ती रोज थोड्या सूचना खोडायची. मी अकरा वर्षं ओळी लिहिल्या, कोणी चहासुद्धा विचारला नाही. ही ओळी खोडते आणि सर म्हणतात, "वाह, क्या सफाई है!"

*

मग एका दुपारी मीही दहा सूचना धडाधड उडवल्या. त्यातल्या एकीखाली खरोखरच गडबड होती. बिल्ड बसला, म्हणजे सगळा प्रोग्राम जुळायचाच बंद, सगळ्यांचे स्क्रीन लाल! सर केबिनमधून बाहेर यायच्या आत प्राजक्ताने ती ओळ परत टाकली.

"हे राहू द्या भैया, हे कामाचं आहे."

तिने वाचवलं, याचाच जास्त राग आला.

*

मीटिंगमध्ये तिने खोडलेल्या ओळींची यादी पडद्यावर लावली. कोणती ओळ कोणी लिहिली, तो रकाना मात्र तिने काढून टाकला होता. सरांनी विचारलंच, "ये सब लिखा किसने था?"

"पुराना कोड है, सर."

मला हायसं वाटलं. आणि तेव्हाच कळलं, लीड हीच होणार. असा मोठेपणाही हिलाच सुचायचा होता!

*

झालीच. रविवारी पेढे घेऊन चौबे कॉलोनीत आमच्या फाटकाशी हजर! फाटकावर 'कुत्ते से सावधान' असा बोर्ड आहे. ऑफिसच्या फळ्यावर लिहितो त्याच तिरप्या अक्षरात मी तो रंगवला होता. कुत्रा आमच्याकडे कधीच नव्हता. निदान दोन मिनिटं तरी घाबरून ताटकळेल, म्हणून मी खिडकीआड गप्प उभा राहिलो.

ती कडी काढून सरळ आत आली.

"काहून वं, बोर्ड नाही वाचला?"

"वाचला ना, भैया. अक्षर तुमचं होतं, म्हणून बिनधास्त आली."