थाळीनं हललं

“हललं म्हणजे जगलं असं नाही, आक्का.” मास्तर हे म्हणायचे तेव्हा त्यांचा एक डोळा मिटलेला आणि दुसरा पितळी नळीला लावलेला असायचा. बोलणं माझ्याशी, तोंड नळीकडं.

मी सुईण. शाळा चौथीपर्यंत. सांगलीत मास्तरांच्या शेजारी राहायचे. लढाईचे दिवस होते, रॉकेल चिठ्ठीवर मिळायचं. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. बारीक वस्तू मोठी दाखवणारं शाळेचं यंत्र शनिवारी फडक्यात गुंडाळून घरी आणायचे आणि सोमवारी परत नेऊन ठेवायचे.

त्यांच्या बायकोची दोन बाळंतपणं मीच केली होती. दोन्ही मुलं मेलेली आली. दुसऱ्या वेळी मास्तरांनी मला दारात थांबवलं. “पोटात तर फिरत होतं. मग जीव गेला केव्हा? आणि आला होता केव्हा?”

“मास्तर, म्या पोरं काढते. जीव कवा येतो ते मला कुणी सांगितलं न्हाई.”

त्यानंतर त्यांचे थेंब सुरू झाले. बाभळीच्या डिंकाचं पाणी, सुताराकडचा सरस पातळ करून, वर लिंबाचा रस. सगळं दुधासारखं गढूळ व्हायचं. त्यातलं टिपूस काचेवर घेऊन नळीखाली ठेवलं की गोल थेंब दिसायचे, बेडकाच्या अंड्यांसारखे. एक थेंब दुसऱ्याला गिळायचा आणि मोठा व्हायचा.

“पृथ्वी नवी होती तेव्हा समुद्रात असेच थेंब झाले असतील,” मास्तर सांगायचे. “त्यातल्या एखाद्यात जीव आला. कसा आला, ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.”

“सुताराच्या सरसात जीव आला तर तुमी बसलाय त्यो पाट उठून चालाय लागंल.”

मास्तर हसले. बायको हसली नाही. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि बाळंतपणाच्या लाडवांसाठी माहेरून आलेला डिंक डब्यात खाली खाली चालला होता. “अहो, माझं डोहाळजेवण राहू दे,” ती म्हणाली. “आधी तुमच्या थेंबांचं उरका.”

जे मूल रडत नाही त्याच्या कानाशी आम्ही काशाची थाळी वाजवतो. एखादं दचकून श्वास घेतं. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, “थेंबाशेजारी थाळी वाजवून बघू का?” मास्तर म्हणाले, “वाजवा.” यंत्र समोरच्या पाटावर होतं. मी थाळी त्याच पाटावर टेकवली आणि लाटण्यानं हाणली.

मास्तर ताठ झाले. “हलला. आक्का, लांबट झाला. दोन झाले.”

मी परत हाणली. परत हलला. मग मास्तरांनी पाटावर तळहात ठेवला आणि आणखी एकदा वाजवायला सांगितलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. “पाट थरथरतोय. थाळीनं हललं. आतून नाही.” वहीतही तसंच लिहिलं. दुसरा असता तर त्यानं एकाचे दोन झाले एवढंच लिहिलं असतं.

बायको भिंतीला टेकून बसली होती. “माझं आतून हलतंय,” ती म्हणाली. मास्तर उठून तिच्याजवळ जाऊन बसले. त्या दिवशी पुन्हा नळीला डोळा लावला नाही.

दिवस भरले. एक अख्खा दिवस ती तळमळली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा झाला. अंगानं भरलेला, निळा. उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात बोट घालून घाण काढली. मग बाजेवर ठेवला, थाळी बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर टेकवली आणि वाजवली. त्याचा हात हलला.

“मास्तर, हललं,” मी दाराकडं तोंड करून सांगितलं.

बायको मान उचलून बघायला लागली. मी वाजवत राहिले, हात हलत राहिला. मास्तर आत आले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष येत नाही, पण मी अडवलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं. थाळी थांबली. पोराचा हातही थांबला. छातीवर दोन बोटं ठेवून ते बराच वेळ बसून राहिले.

“आक्का, पुरे. थाळीनं हललं.”

बायकोनं मान खाली टाकली.

मला त्यांचा राग आला. तिच्यासमोर एवढं खरं बोलायचं काय अडलं होतं? पण मी वाजवत राहिले असते तर ती मान तशीच उचलून धरून राहिली असती.

मूल नसलं तरी बाळंतीण ती बाळंतीणच. लाडवांसाठी डबा उघडला तर तळाला डिंकाचे चार खडे. मास्तरांनी ते बघितले, बाजारात गेले, डिंक आणला आणि स्वतः कुटून दिला. यंत्र त्यांनी पुन्हा घरी आणलं नाही. वर्षभरानं त्यांची साताऱ्याला बदली झाली. तिथंच तापानं गेले असं ऐकलं.

मी पुढं पुष्कळ वर्षं सुईणपण केलं. थाळी सोडली नाही, तिनं उठलेली पोरं मी बघितली आहेत. पण पोराच्या बाजेला ती टेकवत नाही, आणि वाजवताना हात बघत नाही. छाती बघते. ती वर येईपर्यंत त्याच्या आईला काही सांगत नाही.