येशूला जेवायला कोण घातलं?

खासबागेतल्या सुलाबाईला गप्प बसवायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला लागली तेव्हा तिनं मुकादमाला इतके प्रश्न विचारले, की तो बिचारा डबा घेऊन दुसऱ्या शेडमध्ये जेवायला जाऊ लागला. चर्चमध्ये उपदेश संपवून पाळकसाहेब "कुणाला काही शंका?" म्हणत ते नुसतं रीत म्हणून. मंडळी "आमेन" म्हणून चपला शोधायला लागत. हात वर व्हायचा तो एकटीचाच.

अशा बाईला चर्चमधल्या पोरांच्या शब्बाथशाळेचा वर्ग शिकवायला हवा होता. तिच्या पोटी मूल नाही. रविवारी मागच्या खोलीतला पोरांचा गलका ऐकला की तिचा जीव तिकडं ओढ घ्यायचा. पण चर्चच्या पंचमंडळींतले परशरामअण्णा दरवर्षी आडवे यायचे.

"ही पोरांस्नी शिकवायची न्हाय, बिघडवायची!"

यंदा आधीची शिक्षिका लग्न होऊन निपाणीला गेली आणि दुसरं कुणी मिळेना. नाइलाजानं अण्णांनी सुलाबाईला एक वर्ग घेऊन दाखवायला सांगितलं. धडा मात्र त्यांनी स्वतः निवडला: बारा वर्षांचा येशू मंदिरात. सणाहून परतताना मागंच राहिलेला येशू आईबापाला तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, ती गोष्ट. शेवटी तो आईबापाच्या आज्ञेत राहिला ना, मग पोरंही शहाणी होतील आणि बाईच्या तोंडालाही लगाम बसेल! त्याच धड्यात येशू गुरुजनांमध्ये बसून त्यांना प्रश्न विचारतो, हे अण्णा साफ विसरले.

"आक्का, आज तेवढं तोंड आवर," जाऊ करिष्मानं बजावलं होतं. अण्णा मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. सुलाबाईनं गोष्ट अगदी गुणी बाईसारखी सांगितली, पण प्रश्न विचारण्याचं ते वाक्य आलं आणि तिचा धीर सुटला.

"येशूनं इचारलं, मग आपुन का गप बसायचं? इचारा रं!"

झालं, बांध फुटला.

"तीन दिवस त्याला जेवायला कोण घातलं?"

"झोपला कुठं?"

"पोरगं संगं न्हाय हे आईला दिवसभर कळलं न्हाय व्हय?"

"घावल्यावर हाणलं का?"

पोरं बाकांवर चढली. सुलाबाई टाळ्या पिटत ओरडत होती, "मला बी ठाऊक न्हाय! लई भारी! फुडं?" हसून हसून तिचे डोळे वाहायला लागले. तेवढ्यात तिची नजर मागं गेली. अण्णा उठून उभे होते. गेला आपला वर्ग, तिला वाटलं.

"मला बी एक इचारायचंय," अण्णा म्हणाले. "ह्या गोष्टीत येशूचा बाप योसेफ हाय. फुडं येशू मोठा झाला, तवा त्यो कुठंच दिसत न्हाय. कुठं गेला त्यो?"

अण्णा बारा वर्षांचे असताना त्यांचा बाप वारला, हे खासबागेत सगळ्यांना ठाऊक होतं. सुलाबाईला भडभडून आलं.

"न्हाय ठाऊक, अण्णा," ती म्हणाली. "पर इचारलंसा ते लई बरं केलंसा."

एका चिमुरडीनं सरकून जागा दिली. अण्णा पोरांच्या बुटक्या बाकावर टेकले आणि त्यांनी जोरात नाक शिंकरलं.

"फुडच्या रविवारी जरा लवकर सुरू कर, बाई. वेळ पुरंना."