समुद्राला वाळ्याचा वास

देवळीपासून समुद्र शेकडो कोस दूर. तरी अठ्ठ्याण्णवच्या नवरात्रात आमच्या दुर्गा मंडळानं ठरवलं, की यंदाची झांकी समुद्राखालची. लोकांनी एका दारानं आत शिरायचं, समुद्राच्या तळातून चालत जायचं आणि दुसऱ्या टोकाला देवीसमोर निघायचं. मंडळाचे अध्यक्ष महादेवराव किराणावाले. त्यांनी हे कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिलं होतं. काम आलं हरिभाऊंकडे, कारण गावातले पंखे, मोटारी आणि कूलर तेच दुरुस्त करायचे. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि एकदा पुरीला जाऊन आलो होतो, म्हणून मला समुद्राचा जाणकार नेमलं. पुरीला मी चपला हातात धरून घोटाभर पाण्यात उभा राहिलो होतो, हे मी कुणाला सांगितलं नाही.

हरिभाऊंनी समुद्र पाहिला नव्हता. पण पाण्याखालचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. लहानपणी ते विहिरीत सूर मारून तळाशी जायचे आणि डोळे उघडे ठेवून वर बघत राहायचे.

त्यांच्या बायकोची गोष्ट नेमकी उलटी. पंचफुलावहिनी आठ वर्षांच्या असताना माहेरच्या विहिरीत पडल्या होत्या. कुणीतरी केसांना धरून वर काढलं. त्यानंतर विहिरीच्या काठाला त्यांनी पाय लावला नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली, घरचं पाणी हरिभाऊच ओढत. गाव त्यांना बायकोचा पाणक्या म्हणायचं. हरिभाऊ हसून घागर खांद्यावर घ्यायचे. वहिनी मात्र मान खाली घालून आत निघून जायच्या. मला त्यांचं फार वाईट वाटायचं.

"गुरुजी," हरिभाऊ मला म्हणाले, "गावाले तं दाखवीनच. पण मले तिले चालवाचं हाय. एकडाव तिनं पाण्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत आपल्या पायानं जावं. बस."

टिनाच्या लांब शेडमध्ये काम सुरू झालं. दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या नायलॉनच्या साड्या सोडल्या. खाली जुन्या गाद्या अंथरल्या, म्हणजे पाय जरा रुततील. वर माळ्यावर पाण्याची पसरट परात, तिच्या तळाशी फुटक्या आरशाचे तुकडे आणि बाजूनं झगझगीत दिवा. दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळीतून परातीत थेंब पडला, की छतभर उजेडाच्या लाटा हलायच्या. बुडबुड्यांचा आवाज माठात नळी फुंकून टेप केलेला. थर्माकोलचे मासे कापले ते मरळ आणि वाम, कारण हरिभाऊंच्या ओळखीचे मासे तेवढेच. साड्या हलायला आणि अंगाला गार ओलसर हवा लागायला चार कूलर लावले.

पहिली चाचणी भर दुपारी, दारं लावून झाली. मंडळाची माणसं आत गेली ती बाहेरच येईनात. जाऊन बघतो तर कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी पाय पसरलेले, आणि महादेवराव गादीवर बसून जांभया देताहेत. कूलरच्या ताट्यांमध्ये वाळा होता. ओल्या वाळ्याचा वास आला, की आमच्याकडच्या माणसाला मे महिन्यातली दुपार आठवते, आणि मे महिन्यातल्या दुपारी शहाणा माणूस झोपतो.

"हरिभाऊ, हा समुद्र हाय का माया घरची मधली खोली?" महादेवराव उठत म्हणाले. "वाळा काढून टाका पह्यले."

हरिभाऊंनी ताट्या काढल्या, दुसऱ्या दिवशी बर्फाच्या लाद्या आणून पंख्यांसमोर ठेवल्या. आता काम अस्सल झालं. मी आत गेलो तर माझाच श्वास अडकल्यासारखा झाला. खूश होऊन हरिभाऊंनी वहिनींना बोलावलं. वहिनी पाच पावलं चालल्या. मग छाती धरून मागे फिरल्या, साडीत पाय अडकून धडपडल्या आणि बाहेर येऊन मातीतच बसल्या.

हरिभाऊंच्या हातातला पेचकस खाली पडला. "गुरुजी, मी माया हातानं तिले पुन्हा बुडवलं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वतःच चहा घेऊन शेडवर आल्या.

"परवा मी बाहेर उभी होती," त्या हरिभाऊंना म्हणाल्या, "तवा आतून वाळ्याचा वास येत होता. मले आपलं घर वाटलं. काल तो वास नव्हता. तो असू द्या, मंग मी पाह्यतो."

ताट्या पुन्हा चढल्या. महादेवराव तावातावानं आले. "समुद्रात वाळा कोणी पाह्यला?"

जाणकार म्हणून मी तोवर काडीचा उपयोगी पडलो नव्हतो. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "पुरीच्या समुद्राला हुबेहूब असाच वास येतो." भूगोलाचा मास्तर म्हटल्यावर महादेवराव मान डोलावत परत फिरले.

वहिनी आत शिरल्या. हरिभाऊंना माळ्यावर नळी धरून बसणं भाग होतं, त्यामुळे मीच दोन पावलं मागे राहिलो. वहिनी थांबायच्या, वास घ्यायच्या, पुन्हा पाऊल टाकायच्या. मध्यावर येऊन त्यांनी वर पाहिलं. छतावर उजेड हलत होता.

"मी पडली तवा वर असाच उजेड होता," त्या हळूच म्हणाल्या. "चांगला दिसत होता. मी तं इसरूनच गेलती."

मग त्या सरळ चालत शेवटच्या दारातून बाहेर पडल्या. माळ्यावर परातीत थेंब पडायचे थांबले होते. हरिभाऊ तोंड फिरवून डोळे पुसत होते.

नऊ दिवस आमच्या समुद्राला रांगा लागल्या. वर्ध्याहूनही माणसं आली. वाळ्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. आत लोक जरा रेंगाळायचे एवढंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर दात घासत होतो. समोरच्या विहिरीवर पंचफुलावहिनी उभ्या होत्या. पदराच्या टोकाला वाळ्याची जुडी बांधलेली. ती त्यांनी नाकाशी धरली, मग सोडली आणि दोर ओढू लागल्या. हरिभाऊ बाजूला उभे. मदतीला हात पुढे करायचे आणि पुन्हा मागे घ्यायचे.

बादली अर्धीच भरून आली. वहिनींनी ती घागरीत ओतली, घागर कमरेवर घेतली आणि घराकडे निघाल्या. मागून हरिभाऊ चालत होते. विहिरीवरून त्यांना रिकाम्या हातानं परतताना बावीस वर्षांत मी पहिल्यांदा पाहिलं.