बावीस जणींच्या सह्या

वामनराव खोब्रागडे गोंडपिपरीजवळच्या आमच्या बांबूकाडीच्या कारखान्यात तीस वर्षं होते. हजेरी लिहिणाऱ्या कारकुनाचे प्रशिक्षण अधिकारी झाले ते कामाच्या जोरावर, आणि थोडे तोंडाच्याही. बोलायला उभे राहिले की जेवणाची सुट्टी संपली तरी थांबत नसत. मी नागपूरहून कामगार कायदे शिकून रुजू झाले तेव्हा म्हणाले, "मॅडम, कायदा तुमचा, मानसं माही."

मला राग आला होता. तो थोडासा अजूनही शिल्लक आहे, कारण त्यांची सगळ्यात मोठी चूक माणसांच्या बाबतीतच झाली.

काडी कापायची नवी यंत्रं आली. बावीस बायकांना दोन दिवस शिकवायचं होतं, पण मालाची घाई. वामनरावांनी छापील पुस्तिका अर्ध्या तासात वाचून दाखवली आणि विचारलं, "समजलं का?" बावीस जणी एका सुरात "हव" म्हणाल्या. वहीत सह्या झाल्या, अंगठे झाले. जंगलातल्या गावांमधून येणाऱ्या या बायका. त्यांच्यात शिकवणाऱ्याला "नाई समजलं" म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याला उणं दाखवणं. तीस वर्षं त्यांच्यात काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण घाईच्या वेळी सोयीचं तेच खरं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात सुकरी मडावीचं बोट गेलं. पात्यात अडकलेला तुकडा तिने यंत्र चालू असतानाच वरची संरक्षक जाळी उघडून ओढला होता. जखम भरून ती कामावर आली, तर हातात आरोपपत्र: प्रशिक्षण मिळूनही निष्काळजीपणा. व्यवस्थापकांनी सांगितलं आणि मी ते लिहिलं, कलमांसकट. दोष सिद्ध झाला तर नोकरी जाणार होती, आणि घरात कमावणारी ती एकटीच.

चौकशी अधिकारी म्हणून चंद्रपूरहून एक वकील आले. कंपनीची बाजू मांडायला मी, वामनराव कंपनीचे साक्षीदार, सह्यांची वही टेबलावर. वकिलांनी सुकरीला विचारलं, "आधी यंत्र बंद करायचं, मग जाळी उघडायची, हे तुम्हाला शिकवलं होतं का?"

सुकरीने वामनरावांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "हव."

झालं! बाईने आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वकील लिहू लागले.

"लिवू नका साहेब," वामनराव उभे राहिले. निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. "मी वाचून दाखवलं, शिकवलं नाई. एकीलेबी यंत्रापाशी उभी करून पाह्यलं नाई. दोन दिवसाचं काम अर्ध्या तासात उरकलं अन् वहीत दोन दिवस लिवले. चूक माही हाये."

"याचे परिणाम कळतात ना तुम्हाला?"

"पोरीचं बोट गेलं साहेब. आनखी कोनता परिणाम पाह्यजे?"

आरोप टिकत नाही, असं वकिलांनी लिहिलं. सुकरीची नोकरी वाचली. वामनरावांना तिथल्या तिथे निलंबनाचा कागद मिळाला.

बाहेर सागाच्या झाडाखाली सुकरीने त्यांना गाठलं. मला वाटलं, पाया पडेल. ती तर चांगलीच चिडलेली होती.

"काऊन बोलले भाऊ तुमी? आता तुमाले काढतीन नं!"

"अन् तू? हव म्हटलं तर नोकरी जाईन, हे तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," सुकरी म्हणाली. "पन तुमी समोरच बसले होते. तुमाले चार लोकांत खोटं कसी पाडू?"

 वामनरावांनी निलंबनाच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मला सुकरीकडे बघवेना. आरोपपत्राखाली सही माझी होती, आणि त्या दिवशी आत वामनराव खरं बोलायला उठले तेव्हा मी बसूनच राहिले होते.