खुन्याची वकील

नव्वद सालच्या आसपास कोपर गावात माझं छोटं वाचनालय होतं. पुस्तकावर कुणी रेघ ओढली तरी मी खवळायचो. एक कोळीण मासळी विकून झाली की हात लिंबाने चोळून यायची आणि रहस्यकथा न्यायची. एका कादंबरीतल्या खुन्याच्या नावाशेजारी तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘हा जन्माचा वाईट नाय.’ खाली इतर वाचकांनी शेरे लिहून तिची टर उडवली.

पुढच्या वर्षी त्याच खुन्याच्या लहानपणाची कादंबरी आली. ती वाचून बाई भरल्या बाजारातून पाटी टाकून धावत आली.

“बोललेली ना मी! बापानं विहिरीत उलटा टांगलेला त्याला!”

तिने जुनं पुस्तक मागितलं. टर उडवणाऱ्या शेऱ्यांखाली तिला लिहायचं होतं, ‘आता बोला.’

तिने पेन्सिल काढली. मी माझं शाईचं पेन पुढे केलं.